दोन मिनिटांचं विमान

आज भाचीसोबत ॲटलास घेऊन बसलो होतो. सोलापूरचं विमान आता उडायला लागल्यापासून तिला प्रत्येक गावाचं अंतर विमानानं मोजायचं असतं. तिला मी स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं दाखवली. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं विमान जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर! आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून होटगी रोडच्या विमानतळापर्यंत जायला याहून जास्त अंतर पडतं.

वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात. वारा जुळून आला तर त्याहून कमी लागतात, विक्रम 53 सेकंदांचा आहे. ‘मग विमान वर कधी जातं?’ हा तिचा प्रश्न मला फार आवडला. फारसं वर जातच नाही. लांबच्या प्रवासात चढणं-उतरणं यातच बराच वेळ जातो, म्हणून नुसतं अंतर बघून वेळ काढता येत नाही.

1967 पासून ही सेवा चालू आहे. आठ-नऊ माणसांचं, दोन पंख्यांचं आयलँडर विमान. पापा वेस्ट्रेवर वस्ती शंभरच्या आसपास, तरी शिक्षक, डॉक्टर, पेशंट यांच्यासाठी ते उडतं. मला याचंच खरं कौतुक वाटतं. एवढ्याशा लोकांसाठी कुणीतरी विमान चालू ठेवलंय.

भाचीनं आता अंदमानची बेटं काढलीत. उद्या पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) मोजायला सुरुवात.