16 पानांची पुस्तिका आणि चौघांचे आठ हात

गोव्यात कवी, चित्रकार आणि नाटकवाले एकाच वाड्यावर सापडतात. एकमेकांचं कौतुकही भरपूर करतात, पण एकमेकांच्या कामाला हात लावायची वेळ क्वचितच येते. यावर चांगला उपाय म्हणजे चौघांनी मिळून एक पातळ पुस्तिका काढायची. एकाने लिहायचं, दुसरीने मुखपृष्ठ कोरायचं, तिसऱ्याने बांधणी करायची, चौथीने हिशेब आणि विक्री बघायची. युरोपातून आलेला भारतातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात उतरला ही बढाई आपण सगळेच मारतो. 100 प्रतींसाठी मात्र गावातलं झेरॉक्सचं दुकान पुरतं.

सुरुवात वाचनापासून करावी. ‘वाचून सांग कशा वाटल्या’ असं म्हणून 20 कविता मित्राच्या गळ्यात मारल्या की ‘बऱ्या आहेत’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी दोनच द्याव्यात आणि नेमकं विचारावं: कुठे अडखळलास, कुठली ओळ दोनदा वाचावी लागली, कुठली काढली तर चालेल? मित्राने मोठ्याने वाचावं आणि तेवढा वेळ कवीने तोंड मिटून बसावं. वाचणारा जिथे चुकीच्या जागी श्वास घेतो, तिथे बहुतेक वेळा ओळच चुकीची तोडलेली असते. गटात कोणी कोकणीत लिहीत असेल तर त्याला मराठीत ओढू नये. एका पुस्तिकेत दोन्ही नांदतात.

विषय गावातला असला म्हणजे काम गावातलं झालं असं नाही. खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचं, मानस घ्या: बांधातली पाण्याची लाकडी दारं. चित्रात ते छान दिसतं म्हणून दारं कशीही उघडी काढली जातात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना नदीच्या बाजूला ढकलून बाहेर पडतं. म्हणजे दार आत, शेताकडे उघडताना दाखवलं की चित्रातलं कोरगूट भात खाऱ्या पाण्यात बुडालंच म्हणून समजा. ज्याच्या घरची खाजनात शेती आहे त्या मित्राला कच्चं रेखाटन दाखवावं, आणि तेही कोरण्याआधी. लिनोवर, म्हणजे कोरून ठसा काढायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, खोडरबर चालत नाही.

मुखपृष्ठासाठी लिनोचा तुकडा पुस्तिकेच्या आकाराचा, म्हणजे 14.8 × 21 सेंमी. अक्षरं उलटी कोरायची असतात. बटर पेपरवर गडद पेन्सिलने सुलट लिहावं, कागद पालथा करून लिनोवर घासावं, म्हणजे उलटी प्रत आपसूक उमटते. देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची. ती बारीक ठेवली तर शाईचा रोलर दोनचार वेळा फिरल्यावर टोकं तुटतात, म्हणून निदान 2 मिमी जाड असू द्यावी. ‘क्ष’, ‘ष’, ‘अ’ यांच्या पोटातल्या पोकळ्या शाईने बुजतात, त्या थोड्या मोठ्याच कोराव्यात. दीड सेंमीपेक्षा लहान अक्षराच्या नादी नवशिक्याने लागू नये, कवीचं नाव लेझर प्रिंटरवर छापावं. रंग दोन नकोत, एकच हवा. आपल्याकडच्या देवळांतल्या कावी भित्तिचित्रांत चुन्याच्या पांढऱ्यावर तांबडा एवढाच खेळ असतो आणि तो पुरेसा असतो.

क्रम चुकला की सगळं फुकट जातं. मुखपृष्ठाचा लेझरवर छापायचा मजकूर आधी, लिनोचा छाप नंतर. तेलाच्या शाईचा छाप असलेला कागद लेझर मशीनमध्ये घातला तर आतल्या उष्णतेने शाई मशीनच्या रोलरला लागते आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही. लिनोला शाई लावायच्या रोलरवर शाई पातळ हवी. रोलर फिरताना बारीक चर्र आवाज आला तर ठीक, पचपच आवाज आला तर जास्त झाली. प्रेस नसेल तर करवंटीच्या दवलीची (डावाची) पाठ घासून गुळगुळीत करावी आणि कागदावर मधून कडेकडे दाबत न्यावी. 100 प्रतींसाठी 115 मुखपृष्ठं धरावीत, पहिली दहाएक वायाच जातात.

हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. पावसात तेलाची शाई दिवसेंदिवस ओली राहते आणि गठ्ठा केला की एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर उमटतं. शिवाय रीम उघडी राहिली की कागद दमट होऊन वळतो आणि मशीनमध्ये अडकतो.

आतली 16 पानं म्हणजे ए-फोरचे 4 कागद, दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडलेले. न दुमडलेल्या कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या पानांच्या आकड्यांची बेरीज नेहमी 17 यायला हवी: 16 आणि 1, 2 आणि 15. छापताना प्रिंटरच्या दुहेरी छपाईच्या पर्यायांत ‘शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर प्रत्येक कागदाची मागची बाजू डोकं खाली करून येते. 100 प्रती काढण्याआधी एक प्रत दुमडून कवीच्या हातात द्यावी.

बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू सहसा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे आपली घडी तंतूंना आडवी पडते आणि जाड मुखपृष्ठ घडीवर तडकतं. संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी रेघ दाबावी, मग दुमडावं. घडीच्या दोन्ही बाजूंना 3 मिमी शाई नसलेली बरी.

स्टेपलर नकोच. आपल्या खाऱ्या हवेत पिना एकदोन पावसाळ्यांत गंजतात आणि मधल्या पानावर तांबडा डाग पडतो. घडीवर तीन भोकं: एक मध्यभागी, दोन वरून-खालून 4 सेंमीवर. मेण लावलेला 45 सेंमी दोरा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत, आतल्या बाजूने थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा, म्हणजे टाका ढिला पडत नाही. चौघे बसले की 100 प्रती एका दुपारी शिवून होतात, अर्थात एकाने फक्त सुया ओवून द्यायच्या असं ठरलं तर.

पैशांचं आधीच वहीत लिहावं. कागद, शाई, छपाईचा खर्च चौघांत समान, विक्रीतून तो आधी परत, उरलेलं वाटून. ‘मित्रच तर आहे’ म्हणून चित्रकाराला शाईची पदरमोड करायला लावणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. विक्री किनाऱ्यावरच्या दुकानांत शोधत बसू नये. जत्रेतल्या नाटकाच्या मध्यंतरात, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, शाळेच्या शिक्षकखोलीत वाचणारी माणसं भेटतात. एक प्रत पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि एक मडगावच्या गोमंत विद्या निकेतनात द्यावी.

लिनोचा ब्लॉक खोबरेल तेलाच्या चिंधीने पुसून, मग साबणाने धुऊन सपाट ठेवावा. उभा ठेवला तर बाक येतो आणि दुसऱ्या आवृत्तीला मधलं चित्र उमटत नाही.