आक्कांचा मोगरा

शेजारच्या आक्का जाऊन वर्ष होत आलं. घराला कुलूप. फाटकाजवळची मोकळी जागा रोज डोळ्यांत खुपायची. शेवटी त्यांच्या मुलाला फोन केला. "काकू, लावा की, विचारता काय!" म्हणाला.

मृगाचा पाऊस पडल्यावर खड्डे घेतले. आमच्या लातूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात नुसता चिखल. तिच्यात पाणी साचून मोगऱ्याची मुळं कुजतात, म्हणून वाळू आणि शेणखत कालवलं. रोप आक्कांच्याच मोगऱ्याचं. त्या असतानाच एक फांदी मी कुंडीत रुजवली होती. बाजूला कढीपत्ता, गवती चहा.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी आक्का तांब्यानं मोजून मोगऱ्याला घालायच्या. मी हसले होते. आता मीही तेच करते, शिवाय मुळाशी मडकं पुरलंय, तळाला भोक पाडून चिंधीची वात घातलेलं. दोन दिवसांनी भरलं की भागतं.

काल पहिली कळी दिसली. तोडायला हात होईना. आक्का असत्या तर एव्हाना देवाला वाहून मोकळ्या झाल्या असत्या.