आमची वाटचाल : मॅचिंग ब्लाउजपासून अख्ख्या कपाटापर्यंत

डोंबिवली स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर दोन शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधणारं एक इंटरलॉक मशीन आणि एक कापायचं टेबल, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. काम ठरलेलं: फॉल-पिको आणि ब्लाउज. साडीतला पीस असेल तर तो, नसेल तर टू बाय टू रुबिया या सुती कापडाचं मॅचिंग. कपाट भरलेलं असूनही घालायला काही सापडत नाही याचं मूळ आम्हाला या कामातच दिसलं. तीस साड्या, तीस ब्लाउज आणि त्यातले अंगात बसणारे सात-आठ. ब्लाउज घट्ट झाला की त्याच्याशी बांधलेली साडीही बाहेर येत नाही. त्यामुळे रंग, गळे, फॅशन यांच्या आधी आम्ही माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, सोडण्याकडे लक्ष दिलं.

बाजूच्या शिवणीला पुढच्या आणि मागच्या भागात नेहमीच्या शिवणीखेरीज १ इंच जादा माया ठेवायची आणि शिवण तीन ओळींत घालायची, अर्ध्या-अर्ध्या इंचावर. आतली एक ओळ उसवली की दोन्ही बाजूंचं मिळून छातीत २ इंच मिळतात, आणि हे घरच्या घरी ब्लेडने होतं. पण यात तीन ठिकाणी चूक होते. बाहीला तेवढीच माया नसेल तर ब्लाउज सैल होतो आणि दंड घट्टच राहतो. अस्तर काटोकाट कापलं असेल तर वरच्या कापडाची माया वाया. आणि काखेच्या गोलाईत शिवण नीट बसावी म्हणून मायेत कात्रे, म्हणजे कात्रीचे छोटे छेद, मारलेले असतील, तर तिथे सोडायला काही उरतच नाही. कात्रे बाहेरच्या ओळीच्या पलीकडे, टोकाशीच मारायचे.

अस्तर आणि फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचे. सुती अस्तर कोरं लावलं तर पहिल्याच धुण्यात आखडतं आणि वरचं कापड फुगतं. फॉलचंही तेच. साडीच्या काठाला खालून बारीक चुण्या पडलेल्या दिसतात तो बहुतेक वेळा कोऱ्या फॉलचा प्रताप असतो, दोष साडीच्या माथी जातो.

एका साडीला एक ब्लाउज, ही गाठ सोडवायला वेळ लागला. आता नवं काम येतं तेव्हा आम्ही आधी पाच ब्लाउज सुचवतो: काळा, ऑफव्हाइट, विटकरी, मोहरीच्या रंगाचा आणि एक खणाचा. पांढराशुभ्र नको, काठातला मोतिया रंग त्याच्याशेजारी मळका दिसतो. इरकल, नारायणपेठ, मंगलगिरी, साधी कॉटन, बहुतेक साड्या या पाचांत भागतात. ब्लाउजचा रंग साडीच्या अंगातून उचलू नये, काठातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रंगातून उचलावा. सोनेरी ब्रोकेड ‘सगळ्यावर चालतो’ म्हणतात ते आम्हाला पटत नाही. जरीच्या साडीवर तो चालतो, सुती साडीवर उसना आणल्यासारखा दिसतो.

मॅचिंग करायचंच असेल तर ट्यूबलाइटखाली करू नये. दुकानात हुबेहूब वाटलेला जांभळा उन्हात तांबूस निघतो, कारण साडीचं रेशीम आणि रुबियाचं सूत वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगलेलं असतं. साडी आणि पीस घेऊन दाराबाहेर जायचं, तेही दिवसा.

खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणला जातो. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद, साधारण ३०-३२ इंच. ८० सेंटीमीटरमध्ये ब्लाउज बसवू म्हणणाऱ्याने नक्षी आडवी तरी कापलेली असते किंवा बाही जोडाची. मापाप्रमाणे १ ते सव्वा मीटर घ्यावा. कापल्याबरोबर कडा इंटरलॉक कराव्यात, धागे सुटतात. उलट्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात, त्यात हुक आणि बांगडी अडकते, म्हणून अस्तर हवंच.

ब्लाउजवरून आम्ही कुर्त्यांकडे आलो ते लोकलमुळे. इथल्या बायकांचा रोजचा कपडा गर्दीत शिरणारा, हँडलला लटकणारा, पावसात भिजून एसीत वाळणारा. ‘हात वर केला की कुर्ता अख्खा वर येतो, मुंढा सैल करा,’ ही मागणी कायमची. मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई; तो सैल केला की प्रकार आणखी बिघडतो. मुंढा जितका खोल, तितकी बाही खाली जोडलेली. हात वर गेला की बाही अंगाच्या कापडालाच ओढून वर नेते. मुंढा काखेपासून फक्त बोटभर खाली ठेवायचा, बाही वरून रुंद ठेवायची, आणि जाड कापड असेल तर काखेत ३ इंचांचा चौकोनी तुकडा तिरका लावायचा. जुन्या सदऱ्यांना असा तुकडा असायचाच. मशीनवर भराभर शिवायच्या नादात तो गेला. ट्रायलच्या वेळी आम्ही आरशासमोर सरळ उभं करत नाही, दाराच्या चौकटीला हात लावायला सांगतो. घेर दोन-तीन बोटांहून जास्त उचलला तर बाही पुन्हा उसवायची.

खिशाचंही सांगायला हवं. बाजूच्या शिवणीतल्या खिशाचं तोंड साडेसहा इंच, खोली १० इंच. पिशवी मलमलची नको, पॉपलिनची. पातळ कुर्त्यात फोनच्या वजनाने बाजू लोंबते, म्हणून खिशाच्या तोंडाला आतून अर्ध्या इंचाची सुती पट्टी धरून शिवायची. कंबरेच्या खाली ३ इंचांवर तोंड सुरू झालं तर हात सहज जातो. त्याहून खाली गेलं की फोन मांडीवर आपटत राहतो.

२०२० नंतर काम पालटलं. वर्षभर घरून काम केलेले लोक पुन्हा ऑफिसला निघाले तेव्हा कपाटातलं निम्मं अंगाला होईना. तेव्हापासून आम्ही घरी जाऊन कपाट लावून देतो. याला दोन महिन्यांची तयारी लागते, ती गिऱ्हाइकानेच करायची. धुऊन आलेला कपडा घडीच्या चळतीत नेहमी तळाशी ठेवायचा, हँगरवाला डाव्या टोकाला. बाकी काही लिहून ठेवायला नको. दोन महिन्यांनी चळतीत वर राहिलेलं आणि उजव्या टोकाला सरकलेलं, ते न घातलेलं. सणाचे आणि थंडीचे कपडे या हिशेबातून वगळायचे.

न घातलेल्या प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न: का? ‘आवडत नाही’ हे उत्तर क्वचित खरं असतं. टोचतो, वर सरकतो, इस्त्री फार लागते, आतून दिसतो, त्याखाली घालायला काही नाही, अशी कारणं निघतात, आणि त्यातली अर्धी शिलाईने सुटतात. पँटच्या कंबरेत मागच्या शिवणीत माया असेल तर दीड इंचापर्यंत सुटते. पँटची मोहरी, म्हणजे पायाकडचं तोंड, लहान होते, बाही आखूड होते, कुर्त्याचा चाक, म्हणजे बाजूची चीर, वर-खाली होतो. शर्टाची कॉलर घडीवर विरली असेल तर उसवून उलटी बसवता येते, शर्ट दोन वर्षं निघतो. खांदा मात्र हात लावण्यासारखा नसतो. खांदा बाहेर पडत असेल तर बाही, कॉलर सगळं उघडावं लागतं, आणि एवढं करून बसेलच याचा भरवसा नाही. तो कपडा आम्ही देऊन टाकायला सांगतो. गडद रंगाच्या पँटची किंवा कुर्त्याची उंची वाढवायची असेल तर जुन्या घडीची फिकट रेघ दिसणार. ती धुण्याने जात नाही. तिच्यावर पट्टी किंवा लेस बसवणं हाच उपाय.

उरलेल्यातून कोणाची आवड काय, हे आपोआप दिसतं. सर्वांत जास्त घातलेले पाच कपडे पलंगावर शेजारी-शेजारी ठेवायचे. गळ्याचा आकार, बाहीची लांबी, कापडाचा पोत, रंगाची गडद-फिकट छटा; यातल्या दोन गोष्टी तरी पाचांत सारख्या निघतात. ती त्या माणसाची स्टाइल. पुढची खरेदी त्या दोन गोष्टी धरून करायची आणि तिसरीत प्रयोग करायचा.

आकडा विचाराल तर रोज ऑफिसला जाणाऱ्याला खालचे चार आणि वरचे नऊ पुरतात. कागदावर ३६ जोड्या होतात, प्रत्यक्षात वीसेक जमतात आणि त्या पुष्कळ झाल्या. खालचे चारही साधे, बिनछापील ठेवायचे. छपाई, चौकडा, रेघ सगळं वर. नवा कपडा घ्यायच्या आधी कपाटातल्या तीन गोष्टींबरोबर त्याचे फोटो काढून बघायचे. तीन जमत नसतील तर तो कपडा एकटा येत नाही, आणखी खर्च घेऊन येतो.

शर्टाचं कापड घेताना आधी पन्हा विचारा. ३६ इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंचीत १ मीटर ६० सेंटीमीटर. मुंबईच्या कापडबाजारात, हिंदमाता असो की मंगलदास मार्केट, पन्हा न विचारता ५८ पन्ह्याचंही सव्वादोन मीटर आलं की आमच्याकडे त्यातून लहान मुलाचा शर्ट निघतो. बहुतेकांना हे आवडतं, पण पैसे जातात ते जातातच.

जुन्या साडीचा कुर्ता करायचा असेल तर आधी साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणा. रेशीम घडीच्या रेषेवर विरलेलं असेल तर बैठकीला पहिल्या आठवड्यात फाटणार. अशा साडीची ओढणी होते. हातमागाची पैठणी कापायला आम्ही घेत नाही. ती मलमलमध्ये गुंडाळून दर तीन महिन्यांनी घडी बदलून ठेवावी, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये.

गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस नवी मापं घेणं बंद असतं. माप द्यायला येताना ज्या चपला त्या पँटवर घालणार त्याच घालून या. नमुन्याचा जुना कपडा आणला तरी चालेल, पण आम्ही टेप लावणारच, कारण जुनं सुती आखडलेलं असतं आणि जुनं होजिअरी सैल पडलेलं.