गाडी विकली, आरसीवर नाव मात्र माझंच

गेल्या वर्षी आमची जुनी वॅगन आर मी ऑनलाइन लिलावात विकली. यात गाडीवर डीलर बोली लावतात आणि मधली कंपनी आपलं कमिशन घेते. विक्री अगदी झटपट झाली. तपासायला आलेल्या मुलाने बॉनेटपासून डिकीपर्यंत फोटो काढले, टायरची झीज पाहिली, एक चक्कर मारली. लिलावात शेवटची बोली माझ्या अपेक्षेपेक्षा बरी आली. मी होकार दिला, पैसे जमा झाले. इथवर काहीच तक्रार नाही.

गाडी न्यायला आलेल्या माणसाने फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे मालकी बदलाच्या कागदांवर, सह्या घेतल्या. नव्या मालकाचा रकाना कोराच होता. "डीलर पुढे विकेल तेव्हा भरतात मॅडम, सगळीकडे असंच चालतं." ताबापावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून घेतल्याशिवाय मी किल्ली सोडली नाही. पुढे सगळ्यात जास्त हाच कागद कामी आला, म्हणून तुम्हीही एवढं कराच. सह्या केलेल्या सगळ्या फॉर्मचे फोटोही तिथल्या तिथे काढून ठेवा.

मग एका संध्याकाळी मोबाइलवर ई-चलान आलं. सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून. फोटो उघडला तर गाडी आमचीच. काचेच्या कोपऱ्यात मी चिकटवलेला गणपतीचा स्टिकर तसाच होता आणि चालवणारा माणूस पूर्ण अनोळखी. दंडाच्या रकमेचं मला काही नव्हतं, पण या माणसाने कुणाला उडवलं असतं तर? आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई द्यायची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी पुढे किती हातांत गेली याने त्यात फरक पडत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कंपनीला फोन केला. "मॅडम, ट्रान्सफर प्रोसेसमध्ये आहे." पुन्हा केला, पुन्हा तेच. दर वेळी नवा माणूस, दर वेळी गाडीचा नंबर पहिल्यापासून सांगायचा. गाडी कोणत्या डीलरकडे आहे ते "पॉलिसीप्रमाणे सांगता येत नाही". त्यावर कळस म्हणजे, काहीही झालेलं नसताना "तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज यायचा. तो मेसेज आठवला तरी मला आजही संताप येतो.

मग मी नियम वाचायला बसले. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यावा लागतो. गाडी त्याच्या ताब्यात गेली की पोर्टलवर फॉर्म 29सी भरायचा. तो भरला की डीलरलाच मालक मानलं जातं. शिवाय विक्रीला ठेवलेली गाडी त्याला ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. पुढच्या फोनवर मी विचारलं, "29सी भरलाय का? पोचपावती पाठवा." पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी "वरिष्ठांना विचारून सांगतो."

सांगितलं कुणीच नाही. मी ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. ताबापावती आणि फॉर्म 29 ची प्रत जोडून आरटीओला अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे. हे काम कंपनीवर सोडू नका. शिक्क्याची ती प्रत आणि हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक ईमेलने पाठवल्यावर कंपनीतून पहिल्यांदाच समोरून फोन आला. त्यानंतर सगळं भराभर हललं. एमपरिवाहन ॲपवर मालकाच्या जागी दुसरं नाव दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना तो फोन दाखवला. चलानही त्यांच्याकडूनच भरून घेतलं आणि पावती मागून घेतली.

एक सांगायचं राहिलं. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. एनओसीला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, ती उलटली तर पुन्हा बँकेच्या दारात. फास्टॅग गाडी जायच्या दिवशीच बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागा, ते तीन वर्षं चालतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या विम्यात गाडीच्याच नुकसानीसाठी असलेल्या (ओन डॅमेज) प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळते. मी ती घेतली.