कोरडवाहू माणसं

आमच्या घरात पाण्याचा विषय निघतो तो दोनच कारणांनी. एक तर नळ आला नाही म्हणून, नाही तर कूलरची टाकी भरायची पाळी कोणाची म्हणून. त्यामुळे लग्नाला पंचवीस वर्षं होताना ह्यांनी "आपण अंदमानला जाऊ" म्हटलं, तेव्हा मी आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नागपूरच्या माणसाला समुद्र ठाऊक असतो तो पाटीवरून. हे रेल्वेत, त्यामुळे ती पाटी तर आमच्या घरचीच. स्टेशनच्या नावाखाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. झिरो माइलच्या खांबावरही ती कोरलेली आहे, १०२० फुटांच्या किंचित वर. लहानपणी बाबांनी मला तिथल्या चार घोड्यांपाशी उभं करून ते वाचून दाखवलं, तेव्हा माझी समजूत झाली की समुद्र खाली कुठेतरी आहे, विहिरीसारखा. कठड्यावरून वाकून पाहिलं की दिसेल. पुढे भूगोल शिकले, पण ती विहीर काही डोक्यातून गेली नाही. मोठं पाणी म्हणजे अंबाझरी, पाहुणे आले की फुटाळा. दोन्हीकडे पलीकडचा काठ दिसतो, केवढी सोय!

डिसेंबरात निघालो. मी चिवड्याचा स्टीलचा डबा भरला, संत्राबर्फी घेतली. मुलीने उन्हाची क्रीम पाठवली होती, ती ह्यांनी बॅगेतून काढून ठेवली. "नागपूरच्या माणसाला कोणी ऊन दाखवू नये. आपण सत्तेचाळीस डिग्रीतले लोक आहोत." हे वाक्य पुढच्या सहा दिवसांत मी विमानातल्या शेजाऱ्यापासून हॉटेलच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं जाताना ऐकलं. ऐकणारा दर वेळी "अच्छा?" म्हणायचा आणि ह्यांच्या मिशा जरा वर जायच्या. त्या मिशांवर मी पुढे येणारच आहे.

कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर, तिथून हॅवलॉक. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. आमच्या तोंडी मात्र जुनीच नावं राहिली. हॅवलॉकची बोट दीड तासाची. जेट्टीवर ह्यांनी दोन प्लेट पुरीभाजी खाल्ली. मी म्हटलं, बोटीत बसायचं आहे, जरा बेतानं. "तीस वर्षं गाडीत झोपलेला माणूस मी, मला काय लागणार आहे?" बोट बंदरातून बाहेर पडली, उघड्या पाण्यावर आली आणि तीस वर्षांची नोकरी दहा मिनिटांत वाया गेली. गाडी हलते, पण एका रेषेत हलते; हे वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि मध्येच तिरपं. वर हे मोबाइलवर जुने फोटो पाहत बसलेले. कागदी पिशवी घेऊन आलेला बोटीवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, फोन मत देखो, दूर देखो, जहाँ पानी और आसमान मिलता है." त्यातलं शास्त्र सोपं आहे. डोळे सांगतात आपण स्थिर बसलोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण झुलतोय, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट मरतं. लांबच्या रेषेकडे पाहिलं की डोळ्यांनाही झुलणं दिसतं, भांडण मिटतं. ह्यांनी त्या रेषेकडे अशी नजर लावली, जणू सिग्नल पडायची वाट बघून राहिलेत. पिशवी लागली नाही. पण "अच्छा?" म्हणणारा नवा श्रोता शोधायला पुढे दोन तास गेले.

त्याच संध्याकाळी राधानगर. २००४ मध्ये टाइम मासिकाने या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, आणि इथला सूर्यास्त चुकवू नका असं ज्याने-त्याने बजावलेलं. आम्ही नागपुरी हिशेबाने चाललो. दुपारी झोप, उठून चहा, तोंड धुऊन सव्वापाचला रिक्षा. पोचलो तर लोक पाठमोरे नव्हते, आमच्या दिशेने तोंड करून येत होते, ओले, टॉवेल गुंडाळलेले. सूर्य पाचच्या सुमारास बुडून मोकळा झाला होता. घड्याळ सगळ्या देशाला एकच, आणि ते बेतलेलं साडेब्याऐंशी रेखांशावर. अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य चाळीस मिनिटं आधी उठतो आणि आधीच निजतो. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "बिफोर टाइम सुटली," म्हणाले. रेल्वेच्या माणसाला उशीर समजतो. गाडी वेळेआधी सुटणं हा त्याला अन्याय वाटतो.

दुसऱ्या दिवशी चारलाच जाऊन बसलो. चपला पाण्यापासून चांगल्या दहा पावलांवर काढल्या, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढतो तशा. सूर्य पाहिला. खरंच पाहण्यासारखा होता, त्याचं वर्णन माझ्याच्याने व्हायचं नाही. वळून बघतो तर चपलांच्या जागी पाणी. तीन मिळाल्या. चौथी, माझी डावी, लाटेबरोबर आत-बाहेर करत होती. हे तिच्यामागे धावले. लाट आली की हे मागे, लाट गेली की चप्पल पुढे. अंबाझरीचं पाणी कधी माणसाच्या अंगावर चालून आलं नव्हतं, त्यामुळे दहा पावलं म्हणजे पुष्कळ असा आमचा अंदाज. शेवटी नारळपाणीवाल्याने गुडघाभर पाण्यात जाऊन चप्पल आणून दिली आणि भरतीचा हिशेब समजावला. सहा तास चढणार, सहा तास उतरणार, आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणार.

"रोज पन्नास मिनिटं लेट?" हे म्हणाले. "आणि कोणी मेमो देत नाही?"

मधला एक दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा असा माझा आग्रह होता, पण तो आम्ही परतीत, पोर्ट ब्लेअरला केला. सात पाकळ्यांपैकी तीन उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत हे बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर आल्यावर सत्तेचाळीस डिग्रीचं काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

आता मिशा. एलिफंट बीचवर नळीतून श्वास घेत पाण्याखालचे प्रवाळ पाहायचे, हा सहलीचा मुख्य बेत. लाकडाच्या ओंडक्यांसाठी या बेटांवर पूर्वी हत्ती आणले होते. त्यातला राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहायचा म्हणून जगभर नावाजला, २०१६ मध्ये गेला. म्हणजे हत्तीला जमलं ते आपल्याला जमेल, असं मनाशी म्हणत मी मुखवटा चढवला. काच डोळ्यांवर, नाक आत बंद, नळी दातांत, श्वास फक्त तोंडाने. मला दोन मिनिटांत जमलं. ह्यांच्या मुखवट्यात मात्र पाणी शिरायचं. पट्टा आवळला, पाणी. मुखवटा बदलला, पाणी. तिसऱ्या वेळी हे नाकातोंडात खारं पाणी जाऊन ठसकत वर आले, तेव्हा तिथला मुलगा, असेल विशीचा, नम्रपणे म्हणाला, "सर, मूँछ है ना, इसलिए." रबराची कड कातडीला चिकटायला हवी, मधे केस आले की तेवढ्या फटीतून समुद्र आत.

पंचवीस वर्षांत मला त्या मिशांविरुद्ध मिळालेली पहिलीच साक्ष होती ती, पण मी गप्प राहिले. मुलाने व्हॅसलीनची डबी आणली आणि मिशांना असं लिंपलं, जसं सारवण करतात. मग रबर बसलं.

खाली काय होतं ते सांगायला मला फक्त घरातल्या वस्तू सुचतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे प्रवाळ, काही सांबरशिंगासारखे फाटे फुटलेले. हिरवे-निळे पोपटमासे चोचीने प्रवाळ खरवडत होते आणि ते कुरकुर ऐकू येत होतं, कोणी शेजारी बसून पापड खावा तसं. मुलाने नंतर सांगितलं की पचलेल्या प्रवाळाचा चुरा ते मागून सोडतात, आणि अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत तो बराच असतो. हे तेव्हा त्याच वाळूत पालथे पडले होते. हळूच उठून बसले.

पालथं पडायला कारण होतं. दीड तास पाण्यावर पाठ वर करून तरंगल्यावर संध्याकाळपर्यंत ह्यांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत टोमॅटोसारखी झाली होती, आणि मधोमध जाकिटाच्या पट्ट्यांची पांढरी फुली. अंगात शर्ट घालवेना, पाठ टेकवेना. रात्री मी दही मागवून लावत होते आणि हे उशीत तोंड खुपसून म्हणत होते, "पण गरम होऊनच नाही राहिलं होतं!"

तीच तर गोम आहे. कातडी भाजते ती उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी, उकाड्याने नाही. वारा आणि पाणी अंग गार ठेवतात, म्हणून कळत नाही इतकंच. आणि दही चोळता चोळता मला दुसरंही उमगलं. नागपूरचं ऊन आम्ही सोसलंय कधी? आम्ही ते चुकवतो. एप्रिल लागला की बाजार दहाच्या आत. बाहेर पडायचं तर डोक्याला, तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, आल्यावर पन्हं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, माणूस कुठला. सत्तेचाळीस डिग्री आम्ही खसच्या पडद्याआड, कूलरसमोर बसून काढलेली. उघड्या पाठीवर डिसेंबरातलं पंचवीस-तीस डिग्रीचं ऊन पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा पडलं.

हे मी बोलून दाखवलं नाही. दही लागलं होतं, तेवढं पुरे.

माझी फजिती त्याच रात्रीची. दुपारी वाळूत मला चार शंख सापडले होते, बोटाच्या पेराएवढे, तपकिरी पट्ट्यांचे. मी ते बेसिनवर मांडून ठेवले. मध्यरात्री टिक, टिक, टिक. मला वाटलं नळ गळतोय. नळाबाबत नागपूरचं माणूस झोपेतही जागं असतं. उठून दिवा लावला तर नळ कोरडा आणि शंख तीन. ह्यांना हलवलं, "तुम्ही घेतला का?" पालथ्या माणसाने एवढंच विचारलं की मी काय करू त्याचं. शोधलं, पलंगाखाली पाहिलं. चौथा ह्यांच्या बुटाकडे चालला होता. शंखाखालून बारीक पाय निघालेले, एक नांगी पुढे, दोन डोळे काड्यांवर. दिव्याकडे बघून थबकला आणि सगळा आत ओढला गेला, दाराला नांगीची कडी लावून.

दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. वाढला, जागा पुरेना झाली की मोठा शंख शोधतो आणि सामानसुमान न घेता हलतो. सकाळी हॉटेलच्या मुलाने सांगितलं की रिकामे असले तरी शंख, प्रवाळ काहीच बेटावरून नेता येत नाही, विमानतळावर बॅगा तपासतात. मला तर वाटतं बरंच आहे. एकेका प्रवाशाने चार-चार घरं उचलली तर यांनी राहायचं कुठे?

चौघांना न्यायचं कशात? चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत ओतला, डब्यात ओली वाळू घातली आणि चौघांना बसवून निघालो. हे अंगावर माझी ओढणी घेऊन, कारण शर्ट चालत नव्हता, हातात स्टीलचा डबा. वाटेत कोणाला वाटलं असेल नवस फेडायला चाललेत. किनाऱ्यावर डबा आडवा केला. तीन लगेच चालते झाले. चौथा, बुटाकडे गेलेला, तिथेच बसून राहिला. हे उकिडवे बसले, पाठ आखडून, आणि त्याची वाट पाहत राहिले. वीस मिनिटं तरी. तो निघाला तेव्हा ह्यांनी घड्याळ पाहिलं. का, ते माहीत नाही.

नागपूरला आलो तर थंडी. पाठीची सालं निघत होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन हो, भाऊजी असे तिरपे काऊन बसून राहिले?" "ऊन लागलं जी," मी म्हटलं. "बाप्पा! डिसेंबरात?" त्या हसल्या, हे हसले नाहीत. मोबाइलमधला पोपटमासा त्यांना दाखवला, त्यात ह्यांचा अंगठाच जास्त आला होता.

चिवड्याच्या त्या डब्याच्या कडेत अजून वाळू आहे. घासून झाली, टूथब्रश फिरवून झाला, निघत नाही. तोंडात कचकच आली की हे माझ्याकडे बघतात. वाळू कुठून येते ते दोघांनाही माहीत आहे. आम्ही चावून गिळतो.

परवा एप्रिलचा पहिला तडाखा बसला. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते आणि गच्चीची फरशी अजून पायाला चटके देत होती. कूलरच्या टाकीत पाइप सोडून हे पश्चिमेकडे बघत उभे होते. सूर्य चांगला हातभर वर. "तिकडे एव्हाना बुडाला असेल," म्हणाले. टाकी भरून वाहायला लागली तरी लक्ष नाही. मी पाइप काढला. मग हे खाली आले, कपाटातून दुपट्टा घेतला, डोकं, कान, मान, सगळं नीट गुंडाळलं आणि कोपऱ्यावर दूध आणायला गेले.