पेन ड्राइव्ह लावला, तरी कॉम्प्युटर त्यावरून सुरू होईना

ग्वाल्हेरला दौलतगंजात माझे काका राहतात. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर त्यांच्या गुरुजींच्या गाण्याची रेकॉर्डिंग्ज आहेत, कॅसेटवरून स्वतः उतरवलेली. मूळ कॅसेटना बुरशी लागून त्या केव्हाच गेल्या. मागच्या महिन्यात विंडोज सुरू होईना. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. काकांनी मशीन तसंच रिक्षात घालून घरी आणलं आणि मला फोन केला.

माझा बेत सोपा होता. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरून मशीन सुरू करायचं आणि रेकॉर्डिंग्ज बाहेर काढायची. रूफस नावाच्या प्रोग्रॅमने तसा पेन ड्राइव्ह बनवला, माझ्या लॅपटॉपवर लावून पाहिला, मिंट लगेच उघडलं. पेन ड्राइव्ह चांगला आहे, असं मी तिथेच ठरवून टाकलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

काकांच्या मशीनवर डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये गेलो. मशीन कशावरून सुरू करायचं त्या बूटच्या यादीत 'रिमूव्हेबल' पहिलं केलं, फरक नाही. बऱ्याच जुन्या बायोसमध्ये पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कमध्ये धरला जातो. 'हार्ड डिस्क ड्राइव्ज'च्या आत शिरलो तर तो तिथे दुसऱ्या नंबरवर बसलेला. त्याला वर घेतलं, एफ-टेनने सेव्ह केलं. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला, बस.

मग लक्षात आलं, की लॅपटॉप यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारावर चालतो आणि मी रूफसमध्ये पेन ड्राइव्हसाठी जीपीटी ही नवी मांडणी निवडली होती. काकांच्या मदरबोर्डला फक्त जुनं बायोस, त्याला एमबीआर ही जुनी मांडणी लागते. रात्रीच एमबीआर निवडून पेन ड्राइव्ह नव्याने बनवला. सकाळी लावला, तर थेट विंडोजची तीच निळी स्क्रीन. म्हणजे एमबीआरनेही भागत नाही, असं समजून मी आयएसओ, म्हणजे मिंटची मूळ फाइल पुन्हा उतरवली, ती नीट उतरली का हे बघायला चेकसम जुळवला, पुढचा यूएसबी पोर्ट सोडून मागचा घेतला. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मशीन सुरू करताना मी शेजारीच बसलो होतो. पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं आणि काकांनी न वाचताच एफ-वन दाबलं.

"काका, हे काय दाबलंत तुम्ही?"

"अरे, हे रोजचंच आहे. दाबलं की पुढे जातं. वर्ष झालं असेल."

बायोसमध्ये तारीख पाहिली, १ जानेवारी २००९. वीज नसताना बायोसची तारीख आणि सेटिंग्ज जपणारा मदरबोर्डवरचा सेल संपला होता! काका रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज गेली की बायोस सगळं विसरायचं आणि हार्ड डिस्क परत पहिल्या नंबरवर यायची. पेन ड्राइव्ह पहिल्याच रात्री बरोबर झाला होता, पण सकाळपर्यंत क्रम पुसला गेला आणि मी तो पुन्हा पाहिलाच नाही. एका बिघाडाने दुसरा झाकून ठेवला होता.

बटण बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडलं. रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. कडेची बारीक पत्ती नखाने मागे सारली की तो वर उसळतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवायची. तारीख घातली, पेन ड्राइव्ह पहिला केला, सेव्ह केलं. खात्रीसाठी वायर दहा मिनिटं काढून ठेवली आणि परत जोडली. क्रम तसाच होता, आणि मिंटचा हिरवा लोगो आला.

रेकॉर्डिंग्जचा फोल्डर शाबूत होता. बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात काकूंनी दोनदा चहा केला. काका मात्र खुर्चीवरून उठले नाहीत. एकेक फाइलचं नाव पुढे सरकत होतं तसं ते हळू आवाजात वाचत होते: यमन, केदार, छायानट.