पाच वाजताची भूक आणि आमचा किराणा

आमच्या घरी पाच माणसं. मी, हे, सासूबाई, तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसलेला मुलगा आणि सातवीत जाणारी मुलगी. नागपूरला मानेवाड्यात राहतो, दोघंही नोकरीला. २०२५ च्या एप्रिलमध्ये मुलाच्या शिकवणीच्या फीचे हप्ते समोर आले आणि महिन्याला निदान पाच हजार रुपये कुठून तरी काढावे लागणार हे कळलं. पहिला विचार किराण्याचाच आला. डाळ स्वस्तातली घेऊ, तांदूळ हलका घेऊ, तेल कमी वापरू. नेमका किती खर्च होतो हे मात्र दोघांपैकी कोणालाच सांगता येईना. हे म्हणाले दहा हजार, मी म्हटलं बारा.

म्हणून महिनाभर काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं असं ठरवलं. दोनशे पानी वही फ्रिजवर ठेवली, पेन दोऱ्याने बांधला. ज्याने पैसे दिले त्याने लिहायचं, दहाची कोथिंबीर असली तरी. पहिले चार दिवस सगळे विसरायचे. मग सासूबाईंनी ते काम अंगावर घेतलं. संध्याकाळी घरात पाय ठेवला की त्या विचारायच्या, "आज काय काय आणलं? सांग, मी लिहून राहिले."

तीस तारखेला रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही खाली बसून बेरीज केली. धान्य, डाळी, तेल, साखर, चहा, मसाले मिळून ५,९००. भाजी आणि फळं ३,८००. दूध, दही, पनीर ३,९००. साबण, सोडा, टूथपेस्ट वगैरे १,३५०. आणि ज्याला आम्ही किराणा म्हणतच नव्हतो ते, म्हणजे ॲपवरून मागवलेलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणि बेकरीतून आलेलं, ४,७५०. एकूण १९,७००.

मी दोनदा बेरीज केली. आकडा तोच.

ॲपच्या ऑर्डरी उघडून बघितल्या तर महिन्यात ३१ होत्या. रोजची एक. पाच नूडल्सची पाकिटं, एक ब्रेड, थंड पेयाची बाटली, चिप्स, एकदा नुसता सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि दोन लिंबं. डिलिव्हरी, हाताळणी, लहान ऑर्डरीचं जादा शुल्क असं जे खाली बारीक अक्षरात असतं, ते एकत्र केलं तर ४८६ रुपये निघाले. तेवढ्यात चार किलो डाळ येते.

केंद्र सरकारची २०२३-२४ ची घरगुती खर्चाची पाहणी आहे. तीत शहरी भागातला सरासरी खर्च महिन्याला माणशी ६,९९६ रुपये आहे आणि त्यातला सुमारे ४० टक्के खाण्यापिण्यावर जातो. म्हणजे माणशी २,८०० च्या आतबाहेर. आमचा, साबण-सोडा वगळून, माणशी ३,६७० निघाला. त्यानंतर भाव वाढले हे धरलं तरी जास्तच. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्याच पाहणीत खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार पदार्थांचा आहे, आणि धान्याचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. मी तांदूळ हलका घ्यायला निघाले होते आणि पैसा जात होता भलत्याच दारातून.

वेळा बघितल्या. ३१ पैकी २२ ऑर्डरी संध्याकाळी पाच ते सातच्या मधल्या. मुलं पाच वाजता घरी येतात, मी साडेसहाला पोचते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. भुकेली मुलं, रिकामा डबा आणि हातात फोन. मुलांना मी एक शब्द बोलले नाही. चूक त्यांची नव्हती. पाच वाजता घरात खायला काही नसायचं, एवढंच.

म्हणून सुरुवात तिथूनच केली. रविवारी हे आणि मुलगा मिळून मुरमुऱ्यांचा चिवडा करतात, मोठा डबा भरून. भाजलेले फल्लीदाणे, फुटाणे, गूळ वेगळ्या बरणीत. सकाळी भिजवलेले पोहे फ्रिजमध्ये असतात, मुलगी पाच मिनिटांत फोडणी देते. आठवड्यातून दोनदा उकडलेले आलू तयार ठेवते. ॲप काढून टाकलं नाही. फ्रिजच्या दाराला पाटी लावली, संपलेली वस्तू तिथे लिहायची आणि शनिवारी एकदाच मागवायची. शनिवार येईपर्यंत पाटीवरच्या निम्म्या गोष्टींची गरजच उरलेली नसते. पहिल्या पंधरवड्यात मुलाची कुरकुर होती. मग मी वही त्याच्याकडेच दिली. हिशेब तो करायला लागल्यावर तोच बहिणीला सांगायला लागला, "शनिवारपर्यंत थांब."

आता इतवारीच्या घाऊक बाजाराबद्दल. आमच्या शेजारच्या काकू वर्षानुवर्षं तिथल्या किराणा ओळीतून सामान आणतात. मे महिन्यात मी त्यांच्यासोबत गेले. सकाळी साडेदहाच्या आत, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होतं. कोपऱ्यावर १३५ ला मिळणारी तूर डाळ तिथे ११२ ला होती. एका दुकानात तीच डाळ १०३ ला दिसली. मी हौसेने दहा किलो घेतली आणि घरी आल्यावर ती सहा शिट्ट्यांतही शिजेना. वरण घोटलं तरी दाणा दाताखाली यायचा. नऊ रुपये किलोमागे वाचवले आणि गॅस जास्त जाळला. तेव्हापासून नियम केला, आधी अर्धा किलो नमुना आणायचा, घरी शिजवून बघायचा, मग मोठी खरेदी.

तेलाच्या पिंपाचा किस्सा तर मी प्रत्येकाला सांगते. दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवली होती, दोन्ही सोयाबीनची. एक २,१३० ला, दुसरं २,३१० ला. मी स्वस्ताकडे हात केला, तर दुकानातले भाऊ म्हणाले, "ताई, नीट पाहून घ्या. हे पंधरा लिटरचं आहे, ते पंधरा किलोचं."

"फरक काय त्यात?"

"तेल पाण्यापेक्षा हलकं राहते न. लिटरमध्ये नऊशे दहा ग्रामच येते."

तिथेच फोनवर गुणाकार केला. पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. पहिलं पिंप पडलं १५६ रुपये किलोने आणि महाग दिसणारं १५४ ने. त्या माणसाने न सांगता स्वस्तातलं विकलं असतं तरी मला कधी कळलं नसतं. तेव्हापासून पाकीट उचललं की मी आधी वजन वाचते. तेलाची पाकिटं आता ८५० ग्रॅमचीही येतात आणि लिटरच्या पाकिटाशेजारी ठेवली तर नजर फसते. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही छापलेला असतो, तो बघायची सवय लागली की 'एकावर एक' वगैरे पाट्यांचं ओझं मनावर राहत नाही. आमचा शाम्पू तर मोठ्या बाटलीपेक्षा पुड्यांमध्ये स्वस्त पडतो.

सुट्ट्या धान्याचा आणखी एक फायदा आहे. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी आहे, सुट्ट्या मालावर तो नाही.

गव्हाबद्दल मात्र खरं ते सांगते. अडीच क्विंटल लोकवन घेतला, ३४ रुपयांनी. दळणाचे पाच रुपये धरले की पीठ ३९ ला पडतं, पाकिटातलं ४५ ला येत होतं. महिन्याला वीस किलो लागतं, म्हणजे वाचले १२० रुपये. त्यासाठी गच्चीवर मेच्या उन्हात गहू वाळवा, निवडा, कोठीत भरा, कडुलिंबाचा पाला घाला. पोळी नक्कीच चांगली होते, आणि मी पुन्हा घेईन. पण ज्या घरात जागा नाही, उचलणारे हात नाहीत, त्यांनी वर्षाच्या गव्हाच्या मागे लागून स्वतःला दमवू नये. पैसा तिथे नाही.

तांदळात माझं नुकसान झालं. आम्ही एचएमटी खातो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेलं हे वाण, घड्याळाच्या नावावरून नाव दिलेलं. आमच्याकडे पानात तेच लागतं. तीस किलोचे दोन कट्टे आणले. सासूबाई बजावत होत्या, "तांदूळ उन्हात नको टाकू, तुटते तो. सावलीत पसर." ते ऐकलं. पण एक कट्टा उघडून तसाच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिला आणि जुलैच्या ओलीत त्याला सोंडे लागले. दोन रविवार चाळण्यात गेले, तरी सात-आठ किलो फेकावा लागला. आता तांदूळ दोन महिन्यांपुरताच घेते, झाकण घट्ट बसेल अशा डब्यात, आणि ओला हात किंवा ओलं माप आत जाऊ देत नाही.

भाजीत सक्करदऱ्याच्या बुधवार बाजाराने मदत केली. हे ऑफिसातून परत येताना थैली घेऊन जातात. हिवाळ्यात वांगी, पालक, मेथी, पोपटाच्या शेंगा तिथे कोपऱ्यावरच्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. आणल्यावर त्याच रात्री सगळे बसून निवडतो. न निवडलेली पालेभाजी शुक्रवारपर्यंत सडते आणि स्वस्त घेतलेलं सगळं वाया जातं. सप्टेंबरमध्ये साबण, टूथपेस्ट, शाम्पूवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा थोडा हातभार लागला.

डिसेंबरची बेरीज अशी. किराणा ५,०००, गहू-तांदळाचा महिन्याचा हिस्सा धरून. भाजी-फळं ३,३००. साबण-सोडा १,१००. ॲप आणि बेकरी १,४००. दूध तेच, ३,९००, त्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. एकूण १४,७००. पाच हजार वाचले, त्यातले ३,३५० एकट्या ॲप-बेकरीच्या रांगेतले.

हे सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडलं असतं तर दुसऱ्या महिन्यातच सुटलं असतं. चिवडा ह्यांच्याकडे, हिशेब मुलाकडे, पोह्यांची फोडणी मुलीकडे, आणि भाव कुठला खरा हे ओळखणं सासूबाईंकडे. मी इतवारीला जाते आणि पाटी पुसते.

यंदाची नवी तूर बाजारात आली आहे. या वेळी गल्लीतली चार घरं मिळून चाळीस किलो डाळ घेणार आहोत, टेम्पोचं भाडं वाटून. काकूंनी काल दोन दुकानांचे नमुने आणून दिले, अर्धा-अर्धा किलो. सासूबाईंनी दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत घालून एकाच कुकरला लावले आहेत. तीन शिट्ट्या झाल्या, वाफ जिरायची वाट पाहतोय.